उतरलेलं वजन परत का चढतं, आणि रोजच्या ताटात काय बदलावं

डाएट करणाऱ्या बहुतेकांचं वजन सुरुवातीला उतरतं आणि पुढची सगळी फसगत तिथूनच सुरू होते. भात, पोळी, साखर एकदम बंद केली की पहिल्याच आठवड्यात काटा दोन-अडीच किलोंनी खाली येऊ शकतो. पण त्यातलं बरंचसं पाणी असतं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा करून ठेवतं आणि हा साठा दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून असतो. पिष्टमय पदार्थ तोडले की शरीर तो साठा वापरतं, धरलेलं पाणी लघवीवाटे निघून जातं आणि वजन घटतं. चरबी त्या मानाने थोडीच गेलेली असते. मग एखाद्या लग्नात दोन वेळा पोटभर जेवण झालं की साठा भरतो, पाणी परत येतं, काटा वर सरकतो आणि माणूस हताश होतो.

पुढच्या महिन्यांत खरी अडचण येते. भूक वाढलेली असते, चिडचिड होते, थकवा येतो आणि वजन एका आकड्यावर अडून बसतं. कधीतरी डाएट सुटतं. वर्ष-दोन वर्षांत वजन मूळ जागी, बऱ्याचदा त्याच्याही वर जातं. अशा वेळी माणूस स्वतःलाच दोष देतो: ‘माझ्यातच निग्रह नाही.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो लोकांच्या मनावर जे ओझं टाकतो ते मला फार अन्यायाचं वाटतं. म्हणून आधी शरीराच्या आत काय चालतं ते पाहू.

1944-45 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धामुळे युरोपात उपासमार चालली होती. उपाशी माणसाला पुन्हा सावरायचं कसं, हे शोधायचं होतं. हे तरुण सैन्यात लढायला नकार देणारे, स्वेच्छेने आलेले, ठाम मनाचे होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला साधारण 1570 कॅलरी दिल्या गेल्या आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायला लावलं. खाणं म्हणजे मुख्यतः बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. पण मनाचं काय झालं ते जास्त बोलकं आहे. रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात फक्त अन्न असायचं. ज्यांनी आयुष्यात स्वयंपाक केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. ताटातला घास न् घास तासभर पुरवायचे. अंगात सतत थंडी, नाडी मंद, कशात रस नाही. उपासमार संपल्यावर काहींनी इतकं खाल्लं की पोट भरल्याची जाणीवच हरवल्यासारखी झाली आणि परत आलेल्या वजनात चरबीचा वाटा आधीपेक्षा जास्त होता.

त्या 1570 या आकड्यावर जरा थांबा. आज वाटल्या जाणाऱ्या कितीतरी डाएट-तक्त्यांत यापेक्षा कमी कॅलरी असतात. कामावर जाणाऱ्या, लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या, घरी येऊन चौघांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला असा 1000-1200 कॅलरींचा कागद हातात दिला जातो आणि तीन महिन्यांनी तिला म्हटलं जातं की तू मनापासून केलं नाहीस.

अन्नाच्या या ओढीमागची रसायनं पुढे सापडली. 1994 साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीच्या पेशी ते तयार करतात आणि ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप मेंदूला पोहोचतो. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असाच लावतो. 1999 साली घ्रेलिन सापडलं. ते जठरातून निघतं आणि भूक चेतवतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 50 जाड व्यक्तींना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं आणि नंतर वर्षभर त्यांचा पाठपुरावा केला. 2011 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. वर्ष उलटून, बरंचसं वजन परत येऊनही भुकेची संप्रेरकं चढलेली होती आणि तृप्तीची उतरलेली. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराचा विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमी निघाला. सरासरी 58 किलो उतरवले होते, त्यातले 41 परत आले होते. घाईने, फार मोठ्या प्रमाणात घटवलेल्या वजनाविरुद्ध शरीर वर्षानुवर्षं झुंजत राहतं.

मग काहीच टिकत नाही का? टिकतं. टाइप 2 मधुमेह असलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत एक दीर्घ अभ्यास झाला. आहार, चालणं आणि नियमित मार्गदर्शन मिळालेल्या गटात आठ वर्षांनंतरही जवळपास निम्म्या लोकांनी मूळ वजनाच्या पाच टक्के किंवा त्याहून जास्त घट टिकवली होती. पाच टक्के म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाचे चार किलो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रक्तातली साखर, रक्तदाब आणि यकृतावरची चरबी यांच्या दृष्टीने हे चार किलो मोलाचे असतात.

आता महाराष्ट्रातल्या घराघरांत रंगणारा वाद. दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं? तूप चालतं की नाही? भात सोडायचा का? 2018 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासात 609 लोकांचे दोन गट केले: एकाला स्निग्ध पदार्थ कमी, दुसऱ्याला पिष्टमय पदार्थ कमी. वर्षभरानंतर पहिल्या गटाचं वजन सरासरी 5.3 किलो घटलं, दुसऱ्याचं 6 किलो. फरक नगण्य. दोन्ही गटांत काहींचं पंचवीस किलोंहून जास्त उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. मला यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांना काही सूचना सारख्याच होत्या: भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा कमी करा, होईल तितकं घरी शिजवा. कॅलरी मोजायला कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्याला दोन वेळा जेवून बरं वाटतं त्याने तसं करावं, ज्याला पित्त होतं त्याने करू नये. भांडायचंच असेल तर ताटात काय आहे यावर भांडावं.

आपल्या बाबतीत आणखी एक गुंता आहे आणि तो उलगडण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच: 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त, अशी आपल्याकडच्या अनेकांची ठेवण असते: स्नायू कमी, पोटाभोवती चरबी जास्त. म्हणून आपल्यासाठी धोक्याची रेषा खाली आहे. बीएमआय 23 च्या वर गेला की सावध व्हायचं. कंबर पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी.

याचा डाएटशी थेट संबंध आहे. उपासमारीच्या डाएटमध्ये चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मुळातच स्नायू कमी असलेल्या माणसाने तेच गमावले आणि परत येताना त्या जागी चरबी आली, तर काटा तोच आकडा दाखवतो आणि आतली स्थिती बिघडलेली असते. दर दोन वर्षांनी असं डाएट करणारा माणूस दर फेरीला थोडा थोडा दुबळा होत जातो.

याची दुसरी बाजू चेन्नईत दिसली. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 भारतीयांना घेऊन तीन वर्षांचा अभ्यास केला, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त आहार सुधारायला आणि चालायला सांगितलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी घटलं, आणि तेही त्यांचं वजन फारसं उतरलेलं नसताना! मला हा निकाल प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावासा वाटतो. वजनकाटा हलला नाही म्हणून ज्यांनी चांगल्या सवयी सोडून दिल्या, त्यांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

तर बदलायचं काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सूचना नव्याने काढल्या. 2000 कॅलरींच्या दिवसासाठी त्यांचा हिशोब असा: धान्यं 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, दाणे-तीळ-सुका मेवा 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम. धान्यांतून येणारी ऊर्जा एकूणच्या 45 टक्क्यांहून जास्त नसावी असं त्या सांगतात. आपल्या बहुतेक घरांत ती बरीच जास्त असते.

नेहमीचा ऑफिसचा डबा उघडून बघा. चार पोळ्या, एका छोट्या कप्प्यात बटाट्याची सुकी भाजी, लोणच्याची फोड. भाजी आहे, पण तीही पिठूळच आणि पोळीला लावण्यापुरती. हा डबा एका दिवसात सॅलडचा करायला गेलात तर गुरुवारपर्यंत तुम्ही कँटीनमध्ये वडापाव खात असाल. त्याऐवजी पहिल्या पंधरवड्यात एवढंच: बटाट्याच्या जागी आठवड्यातून तीनदा मटकी, मूग, चवळी किंवा वालाची उसळ. तीस ग्रॅम सुक्या कडधान्याच्या वाटीभर उसळीत सात-आठ ग्रॅम प्रथिनं येतात आणि दुपारी चारपर्यंत पोटाला आधार राहतो. मग मोठा कप्पा भाजीला आणि लहान पोळीला, अशी अदलाबदल. पोळ्या चाराच्या तीन आपोआप होतात, कारण तेवढी भाजी खाल्ल्यावर चौथी जात नाही. दह्यातली काकडीची कोशिंबीर पाणी सुटून डब्यात सांडत असेल तर काकडी-गाजराच्या नुसत्या फोडी न्या, दाण्याचा कूट वेगळ्या पुडीत.

रात्री वरण घट्ट करा. चौघांसाठी मूठभर डाळ आणि पातेलंभर पाणी हे वरण भात भिजवण्यापुरतं असतं. डाळ दुप्पट घातली तर भात आपसूक कमी लागतो. भाकरीबद्दलही थोडं. ज्वारी-बाजरी चांगलीच, पण पोळ्यांच्या जागी तेवढ्याच भाकऱ्या आणि भाजी पूर्वीइतकीच, असं केलं तर फार काही हाती लागत नाही.

जेवणाचा क्रमही कामाला येतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात 2015 साली टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला, जेमतेम अकरा जणांचा. तेच जेवण, पण आधी भाज्या आणि प्रथिनं, मग पाव आणि रस, असं खाल्ल्यावर तासाभरानंतरची रक्तातली साखर उलट्या क्रमापेक्षा सुमारे 37 टक्के कमी निघाली. आपल्याला यासाठी काही विकत आणायचं नाही. कोशिंबीर आणि उसळ आधी वाढा, पोळी-भात पाच-दहा मिनिटांनी.

तेल मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. माणशी 27 ग्रॅम, चौघांचे महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, आणि यात तूप-लोणी आणि बाहेरचं खाणंही आलं. तुमच्या घरी पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो ते एकदा डब्यावर तारीख लिहून बघा. प्रत्येक फोडणीत अंदाजे तेल ओतण्याऐवजी चमच्याने घातलं तरी पाच लिटरचा डबा आठवडाभर जास्त पुरतो आणि भाजीची चव कुणाला बदललेली कळत नाही.

चहाचंही असंच. कपाला दोन चमचे साखर, दिवसाला चार कप, म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम मानते. एका दिवसात बिनसाखरेचा चहा करू नका. दर दोन आठवड्यांनी पाव चमचा कमी करा. जिभेला कमी गोड आणि कमी खारट दोन्हीची सवय होते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये पावातलं मीठ असंच वर्षानुवर्षं थोडं थोडं घटवत नेलं. 2001 ते 2011 मध्ये ते सुमारे 20 टक्क्यांनी कमी झालं आणि लोक तोच पाव आवडीने खात राहिले.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस दिवसांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, तिला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 लोकांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा 66 दिवस आला, पण कुणाला 18 दिवस पुरले तर कुणाला 254 लागतील असा हिशोब निघाला. मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं.

डाएटवर असलेल्या माणसाचं मन मात्र चुकलेल्या दिवसाला उलटं वागतं. 1975 सालच्या एका अमेरिकन प्रयोगात काही तरुणींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइसक्रीम हवं तेवढं खा म्हटलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी साहजिकच कमी खाल्लं. सतत खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग आज होऊन जाऊ दे. गणपतीत दोन मोदक खाल्ले आणि मग थेट दिवाळी संपेपर्यंत सगळं सोडून दिलं, हे आपल्याकडचं त्याचंच रूप. मोदक खावेत, तूप घालून खावेत. संध्याकाळच्या ताटात उसळ-भाजी नेहमीसारखी असली की झालं. उपासाच्या दिवशीही हेच लक्षात ठेवा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, त्यापेक्षा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, सोबत दही आणि फळ, हे पोटाला कितीतरी सोसतं.

सवयींची मेख जागेत असते. अमेरिकेत सिनेमागृहातल्या प्रेक्षकांना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमाला पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी ते ताज्याइतकेच खाल्ले, आवडले नाहीत असं सांगूनही. तेच शिळे पॉपकॉर्न साध्या मीटिंग रूममध्ये दिले तर मात्र कमी खाल्ले. रात्री टीव्हीसमोर फरसाणाचा डबा मांडीवर येतो तेव्हा भूक लागलेली असतेच असं नाही. डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर, अपारदर्शक बरणीत जाऊ द्या. शेंगदाणे-फुटाणे हाताशी ठेवा. चहासोबतची खारी आणि टोस्ट महिन्याच्या यादीतून एकदा वगळा, म्हणजे रोज संध्याकाळी पाच वाजता मनाशी झगडावं लागणार नाही. ‘डाएट चिवडा’, ‘मल्टिग्रेन बिस्किट’ ही नावं पुढून वाचू नका, पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. पहिल्या तीनांत मैदा, साखर आणि पामतेल असेल तर ते बिस्किटच आहे.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदरपण असेल, तर खाण्यातला कोणताही मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करा. आता वजन घटवणारी आठवड्याची इंजेक्शनंही आली आहेत. ज्यांना गरज आहे त्यांनी ती घेण्यात काही कमीपणा नाही. पण त्यांतल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं, तेव्हा ताटाचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

शेवटचा मुद्दा कष्टांचा, आणि तो बहुतेक आहार-सल्ल्यांत येतच नाही. माणशी 400 ग्रॅम भाज्या म्हणजे चौघांच्या घरात रोज दीड किलोच्या वर भाजी आणायची, धुवायची, निवडायची, चिरायची. मेथीच्या दोन जुड्या निवडायला अर्धा तास सहज जातो. कडधान्य आदल्या रात्री आठवणीने भिजत घालावं लागतं. हे सगळं एकाच बाईवर पडलं, वर तिने स्वतःसाठी वेगळं उकडलेलं आणि बाकीच्यांसाठी वेगळं तळलेलं करायचं ठरवलं, तर तो बेत महिन्याभरात मोडणार. तिने थकून सोडलं, याचा दोष तिला देऊ नये. स्वयंपाक सगळ्यांसाठी एकच असावा. कडधान्य भिजवायचं काम मुलांकडे, काकडी-गाजर चिरायचं नवऱ्याकडे, रविवारी संध्याकाळी आठवड्याची पालेभाजी टीव्हीसमोर बसून सगळ्यांनी मिळून निवडायची. निवडलेली मेथी कोरडी करून कापडात गुंडाळली तर फ्रिजमध्ये चार दिवस चांगली राहते, फरसबी आणि गवार त्याहून जास्त. म्हणजे बुधवारी रात्री आठला घरी आलेल्या माणसाला बाहेरून काही मागवण्यापेक्षा मेथी फोडणीला टाकणं सोपं पडतं.